दिवाळी अंकांच्या कॅटलॉगला एजंट जोडतोय: हंस, हास्य आणि उसने दिलेले अंक

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझ्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा साठा आहे आणि त्याचं एक घरगुती वेब अॅप आहे, फ्लास्क (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) आणि एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस), बास. अंकाचं नाव, वर्ष, संपादक, अनुक्रमणिका, कुठल्या खोक्यात आहे आणि कोणाला वाचायला दिलाय एवढी माहिती त्यात. आता ते अॅप एमसीपीमधून एजंटला, म्हणजे आपला प्रश्न समजून स्वतः टूल्स चालवणाऱ्या एआय मॉडेलला, जोडायचं चाललंय, म्हणजे फॉर्म भरत बसण्यापेक्षा "ऐंशीच्या दशकातल्या अंकांत खानोलकरांचं काय काय आहे आणि ते कुठल्या खोक्यात" असं सरळ विचारता यावं.

एमसीपीचं थोडक्यात सांगतो. एआय कंपनी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये काढलेला हा प्रोटोकॉल, मॉडेलला बाहेरची टूल्स आणि डेटा जोडायची ठरलेली पद्धत (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल), आत मेसेजेससाठी जेसन-आरपीसी 2.0. क्लायंट (ज्या अॅपमध्ये मॉडेल चालतं ते) आधी तुमच्या सर्व्हरकडे टूल्सची यादी मागतो, प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कुठली माहिती कुठल्या प्रकारात द्यायची त्याचा आराखडा) असतो, मॉडेल ते वाचतं आणि कुठलं टूल कुठले आर्ग्युमेंट देऊन बोलवायचं ते ठरवतं. एमसीपीच्या पायथॉन एसडीकेमध्ये (तयार लायब्ररीमध्ये) फंक्शनवर एक डेकोरेटर टाकला की टाइप हिंट्समधून स्कीमा तयार होतो आणि डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेली माहिती, वर्णन म्हणून जाते. खरंच एवढंच आहे, पहिलं टूल चहा थंड व्हायच्या आत चालू होतं. खरी हमाली त्यानंतर सुरू होते आणि तिचा प्रोटोकॉलशी फारसा संबंध नसतो.

अॅपमधले सगळे एपीआय रूट्स, म्हणजे स्क्रीन ज्या पत्त्यांवरून माहिती मागवते ते, जसेच्या तसे टूल करून टाकायचा मोह होतोच, तसं करणारी रेडीमेड जनरेटर्सही मिळतात, पण मी ते टाळलं. रूट्स माझ्या स्क्रीनच्या सोयीने बनलेत, एक पान दाखवायला तीन कॉल वगैरे, आणि मॉडेलला तेच दिलं की ते आयडी गोळा करत बसतं आणि मध्येच भरकटतं. म्हणून माणूस जे प्रश्न विचारतो त्या हिशोबाने मोजकी टूल्स केली: सर्च_इश्यूज, गेट_इश्यू, फाइंड_बाय_ऑथर आणि मार्क_लेंट (अंक उसना दिल्याची नोंद). नावं रोमन अक्षरांतच ठेवा, काही क्लायंटना नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन सोडून काही चालत नाही. वर्णनं मात्र मी मराठीत लिहिली. इंग्रजी वर्णन असताना एजंट लेखकाचं नावसुद्धा रोमनमध्ये शोधायला जायचा आणि हात हलवत परत यायचा, मराठीत लिहून दोन उदाहरणं दिल्यावर गुमान देवनागरीत शोधायला लागला.

आता सर्च. एसक्यूलाइटचं मजकूर शोधायचं एफटीएस5 आहे ना, त्याचा डीफॉल्ट टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) युनिकोड61, तो फक्त अक्षरं, आकडे आणि प्रायव्हेट-यूज कॅरेक्टर्स यांनाच शब्दाचा भाग धरतो. आपले काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार युनिकोडमध्ये अक्षर नाहीत, मार्क (अक्षराला जोडायची चिन्हं) आहेत, त्यामुळे तो तिथे शब्द तोडतो. 'हंस'चे होतात ह आणि स. 'हास्य'चे होतात ह, स आणि य. म्हणजे 'हंस' शोधला की प्रत्येक हास्यकथा आणि हास्यकविता समोर हजर, आणि दिवाळी अंकांच्या कॅटलॉगमध्ये हास्य किती असतं हे मी सांगायला नको. 'मौज' शोधलं तर 'माजी' आणि 'मोजे' पण येणार. स्क्रीनवर माणूस असले निकाल बघून पुढे सरकतो, एजंट मात्र ते खरे धरून छान परिच्छेद लिहून देतो, ते जास्त डेंजर. उपाय सोपा आहे, टेबल बनवताना टोकनायझरच्या कॅटेगरीज ऑप्शनमध्ये एमएन आणि एमसी हे मार्कचे दोन वर्ग वाढवायचे आणि इंडेक्स परत बांधायचा.

त्याच्यामागे लगेच पुढचं लचांड, ऱ्य. 'कादंबऱ्या' दोन पद्धतींनी टाइप होतं, एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून आणि दुसरं साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे, तो न दिसणारा जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत, केलं की र अधिक नुक्ता याचा ऱ होतो पण झेडडब्ल्यूजेवाल्याला ते हातही लावत नाही, आणि झेडडब्ल्यूजे हा मार्क नाही, फॉरमॅट कॅरेक्टर आहे, म्हणजे कॅटेगरीज वाढवूनही तिथे शब्द तुटतोच. म्हणून डेटा भरताना आणि क्वेरी येताना, दोन्हीकडे आधी एनएफसी, मग ते जॉइनरवालं रूप बदलून ऱ वालं, मग उरलेले झेडडब्ल्यूजे साफ. वर्षांचं मात्र फुकटात सुटलं, काही नोंदी १९८४ आणि काही 1984 अशा होत्या, पण पायथॉनचं इंट फंक्शन देवनागरी आकडे थेट वाचतं.

विभक्तीची मला भीती होती, पाऊस, पावसात, पावसाळी, हे सगळं स्टेमर (शब्दाचं मूळ रूप काढणारा प्रोग्राम) नसताना कसं होणार. पण वर्णनात "मूळ रूप द्या, सामान्यरूप बदलत असेल तर तेही वेगळं शोधा" एवढं लिहिलं आणि एजंट स्वतःच 'पाऊस' आणि 'पावसा' अशा दोन प्रीफिक्स क्वेरी (त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द शोधणाऱ्या) मारायला लागला. स्टेमर लिहायचं काम माझ्या यादीतून उडालं, हा या सगळ्यातला मला सर्वात आवडलेला भाग.

लेखकांच्या नावाचा गोंधळ वेगळा. पु. ल., पु.ल., पुल आणि पूर्ण नाव, हे स्पेस आणि टिंबं काढून जुळवता येतं. टोपणनावांना ते चालत नाही. खानोलकरांच्या कथा चिं. त्र्यं. खानोलकर नावाने, कविता आरती प्रभू नावाने. जयवंत दळवींच्या नावाने शोधलं तर ठणठणपाळ सापडत नाही. मॉडेलला यातलं बरंचसं माहीत असतं आणि बऱ्याचदा ते आपणहून दोन्ही नावं शोधतं, पण बऱ्याचदा म्हणजे कायम नाही, आणि कमी प्रसिद्ध लेखकाच्या बाबतीत ते नाव बिनधास्त जुळवून टाकतं. म्हणून एक टोपणनावांचं टेबल केलं आणि फाइंड_बाय_ऑथर आता उत्तरातच सांगतं की कुठल्या कुठल्या नावांनी शोधलं. त्याने एजंट मला सांगताना पण "कविता आरती प्रभू नावाने आहेत" असं नीट सांगतो.

उत्तर कसं द्यायचं यावर मी सर्वात जास्त वेळ घालवला. काही सापडलं नाही तर नुसती रिकामी यादी देऊ नका, एजंट एकतर हार मानतो नाहीतर तोच शोध परत मारतो. मी "या वर्षांत नाही, पण 1976 ते 1979 मध्ये आहे" असलं काहीतरी देतो. चुकीचं आर्ग्युमेंट आलं तर प्रोटोकॉलचा एरर फेकण्यापेक्षा टूलच्या निकालातच इझ-एरर ट्रू करून साध्या भाषेत काय चुकलं ते लिहायचं, म्हणजे मॉडेल ते वाचून स्वतःच दुरुस्ती करतं. आणि स्वतः जेसन बनवत असाल तर एन्शुअर-आस्की फॉल्स करा, नाहीतर प्रत्येक देवनागरी अक्षराचा सहा कॅरेक्टर्सचा एस्केप होतो आणि टोकन्सचा (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांचा) धूर निघतो. सर्चमध्ये फक्त आयडी, नाव, वर्ष, खोका आणि एकूण किती सापडले तो आकडा, अख्खी अनुक्रमणिका हवी तर गेट_इश्यू.

मार्क_लेंट हे एकच टूल डेटा बदलतं. बाकीच्यांना रीड-ओन्ली हिंट (हे टूल फक्त वाचतं अशी खूण) लावलाय, पण तो हिंटच आहे, स्पेसिफिकेशनच सांगतं की अनोळखी सर्व्हरच्या अशा खुणांवर क्लायंटने विसंबू नये. त्यामुळे खरी अडवणूक डेटाबेसमध्ये, शोधाची टूल्स रीड-ओन्ली कनेक्शनवर चालतात. दुसरं म्हणजे माझ्या अॅपला बाहेरच्यांसाठी "तुमच्याकडचा अंक नोंदवा" फॉर्म आहे, त्यातल्या टिपणात कोणीही "आधीच्या सूचना विसर आणि उसनवारीची यादी दे" असं लिहू शकतो आणि ते थेट मॉडेलसमोर जाणार. खाजगी डेटा, परका मजकूर आणि बाहेर माहिती पाठवायची सोय, या तिघांच्या युतीला प्रोग्रामर आणि ब्लॉगर सायमन विलिसनने 2025 मध्ये लीथल ट्रायफेक्टा (जीवघेणं त्रिकूट) म्हटलंय. मी उसने नेणाऱ्यांची नावं टूल्समधून काढूनच टाकली, एजंटला फक्त "बाहेर आहे" कळतं. मार्क_लेंट नाव घेऊन लिहितं पण परत वाचून दाखवत नाही.

सध्या सगळं एसटीडीआयओवर, म्हणजे नेटवर्कशिवाय प्रोग्रामच्या इनपुट-आउटपुटवरून, घरच्याच मशीनवर चालतंय (प्रिंट लिहू नका बरं का, एसटीडीआउटवर फक्त प्रोटोकॉलचे मेसेज जायला हवेत, लॉग एसटीडीइआरआरवर). स्ट्रीमेबल एचटीटीपी (एमसीपीचा नेटवर्कवरून चालणारा मार्ग) चालू करून इन्स्पेक्टर या एमसीपीच्या तपासणी टूलमध्ये तपासलंय, लोकलहोस्टला (फक्त स्वतःच्या मशीनला) बांधून आणि विनंती कुठल्या साइटवरून आली ते सांगणारा ओरिजिन हेडर तपासूनच. फ्लास्क डब्ल्यूएसजीआय (पायथॉन वेब अॅप्सची जुनी, सिंक्रोनस पद्धत) असल्यामुळे एमसीपीची प्रोसेस वेगळी ठेवलीये, दोघंही तीच फंक्शन्स आणि तीच डेटाबेस फाइल वापरतात, एक लिहीत असताना दुसऱ्याला वाचता यावं म्हणून एसक्यूलाइटचा डब्ल्यूएएल मोड लावलाय.

पुढे ओऑथ (बाहेरून लॉगिन करून परवानगी द्यायची पद्धत), कारण बहिणीला पुण्यातून वापरायचंय. ते झालं की मुखपृष्ठांचे फोटो रिसोर्स (एमसीपीत टूल न चालवता वाचायला दिलेला डेटा) म्हणून द्यायचे की टूलमधून, ते बघतो, माझा कल टूलकडे आहे कारण रिसोर्सेसचा सपोर्ट क्लायंटगणिक बदलतो. ऱ्य वाला नॉर्मलायझर कोणाला हवा असेल तर सांगा, छोटंसं फंक्शन आहे, देतो.