मॉडेमच्या पानावरचे आकडे वाचून लाइनचा बिघाड शोधला : माझा अनुभव

दिवसभर लाइन ठणठणीत असायची आणि अंधार पडला की मॉडेमवरचा डीएसएलचा (टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा) दिवा लुकलुकायला लागायचा. मिनिटभरात तो पुन्हा स्थिर होई, पण तोवर चालू कॉल गेलेला असे. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं : मॉडेम बंद करून चालू करा. तसं केलं की नेट यायचंही, पण आधीपेक्षा संथ, आणि तो संथपणा दुसऱ्या दिवशी दुपारीही तसाच असायचा. मला खटकलं ते हेच. त्रास रात्रीचा असेल तर दिवसा वेग परत का येत नाही?

आधी वाय-फायवरचा संशय मिटवून घेतला. लॅपटॉप केबलने थेट मॉडेमला जोडला. एका खिडकीत मॉडेमला पिंग (उत्तर येतं का आणि किती वेळात, हे पाहणारा छोटा संदेश), दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला. नेट तुटलं तेव्हा बाहेरचं पिंग थांबलं, मॉडेमचं मात्र एका मिलिसेकंदाच्या आत येत राहिलं. म्हणजे कॉम्प्युटर ते मॉडेम हा टप्पा निर्दोष होता. जे काही चाललं होतं ते मॉडेमपासून टेलिफोन एक्सचेंजपर्यंतच्या तांब्याच्या जोडीवर.

मग मॉडेमच्या सेटिंगचं पान उघडलं. बहुतेक मॉडेममध्ये कुठेतरी डीएसएल स्टेटस किंवा लाइन स्टॅटिस्टिक्स नावाचा भाग असतो. तिथे माझ्या कामाचे आकडे चारच होते. सिंक स्पीड, अॅटेन्युएशन, एसएनआर मार्जिन (गोंगाट वाढला तर सिग्नलकडे उरलेली सवलत) आणि सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी). अॅटेन्युएशन २४ डेसिबल, म्हणजे एक्सचेंजपासून घरापर्यंत येताना सिग्नल तेवढा क्षीण होतो. किलोमीटरला १३-१४ डेसिबल असा ढोबळ हिशोब धरला तर तार पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. एडीएसएल२+ या माझ्या लाइनच्या प्रकारासाठी हे अंतर काही वाईट नाही. हा आकडा सकाळ-संध्याकाळ जागचा हलत नव्हता, म्हणून त्याला बाजूला ठेवलं.

हलत होतं ते मार्जिन. आणि ते कळायला मॉडेम तारेवर नक्की काय करतो हे समजून घ्यावं लागलं.

मॉडेम सगळा डेटा एकाच लहरीवर चढवत नाही. एडीएसएल२+ मध्ये २.२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झचे ५१२ तुकडे पाडलेले असतात. त्यांना टोन म्हणतात. सगळ्यात खालचे ४ किलोहर्ट्झ बोलण्यासाठी सोडलेले, त्याच्या वर अपलोडचे टोन, आणि साधारण १३८ किलोहर्ट्झपासून पुढचे डाउनलोडचे. लाइन जोडली जाताना मॉडेम आणि एक्सचेंजमधलं यंत्र एकमेकांना ठरावीक सिग्नल पाठवून प्रत्येक टोनवर गोंगाट किती आहे ते मोजतात. मग हमालांना वाटावं तसं ओझं वाटलं जातं : ज्याला जेवढं पेलेल तेवढं. एका टोनवर जास्तीत जास्त १५ बिट, अशक्त टोनवर दोन-तीन, आणि ज्याच्यावर काहीच टिकणार नाही तो रिकामा. असे बिट सेकंदाला सुमारे ४,००० वेळा पाठवले जातात, म्हणजे १० बिट पेलणारा एक टोन ४० किलोबिटचा वेग देतो. सगळ्या टोनची बेरीज म्हणजे सिंक स्पीड.

यात थोडी राखीव जागा ठेवतात, तेच मार्जिन, बहुधा ६ डेसिबल. गोंगाट तेवढा वाढला तरी बिट नीट वाचता यावेत म्हणून. माझं कोडं इथे सुटलं. सकाळी रीस्टार्ट केलं तर १४ मेगाबिट आणि मार्जिन ६. अंधार पडल्यावर मार्जिन १ वर यायचं, सीआरसी एरर भराभर वाढायचे, आणि शेवटी लाइन तुटून नव्याने जुळायची. पण आता मोजणी गोंगाटातच झालेली, म्हणून ६ चं मार्जिन राखायला मॉडेमने वेग १२ वर आणलेला असायचा. सकाळी गोंगाट ओसरला की मार्जिन १०-११ दिसायचं, वेग मात्र १२ च. मुद्दाम नव्याने जुळवल्याशिवाय तो वर जात नव्हता. थोडक्यात, कस्टमर केअरच्या सांगण्यावरून रात्री मॉडेम बंद-चालू करणं म्हणजे दुसऱ्या दिवसाचाही वेग घालवणं. शिवाय काही कंपन्यांची यंत्रणा वारंवार तुटणाऱ्या लाइनला आपोआप कमी वेगाच्या प्रोफाइलवर टाकते, ते वेगळंच.

सीआरसी एरर वाढले की नेट न तुटताही रखडतं. डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा जातो. तो जुळला नाही तर त्यातलं पॅकेट फेकलं जातं, आणि पाठवणाऱ्या टोकाला वाटतं की वाटेत गर्दी झाली आहे. मग टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याची पद्धत, स्वतःहून वेग कमी करतो. पानं अर्धवट उघडून थांबायची ती यामुळेच.

आता गोंगाट येतो कुठून? माझ्या मॉडेममध्ये प्रत्येक टोनवर किती बिट बसलेत याचा आलेख दिसत होता. (नसेल तर काही मॉडेममध्ये टेलनेटने, म्हणजे मॉडेमला टाइप करून आज्ञा देऊन, मिळतो.) दुपारचा आणि रात्रीचा आलेख शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. रात्रीच्या आलेखात बारीक खाचा होत्या, साधारण १२० ते ३७० या टोनांच्या दरम्यान. त्याचे किलोहर्ट्झ काढले तर सुमारे ५२० ते १,६०० आले. हा मीडियम वेव्ह रेडिओचा पट्टा! सूर्य मावळल्यावर आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सगळ्यात खालचा थर विरतो आणि दूरदूरची रेडिओ केंद्रं ऐकू यायला लागतात. जुन्या ट्रान्झिस्टरवर रात्री परक्या भाषेतली केंद्रं लागायची ती याचमुळे. माझी टेलिफोनची तार तीच केंद्रं पकडत होती.

दुसरी गोष्ट दोन्ही आलेखांत होती : ३८५ व्या टोनच्या आसपास एक रुंद खड्डा. रेडिओचा याच्याशी काही संबंध नव्हता, कारण तो दिवसाही तसाच होता. असा खड्डा बहुतेक वेळा मुख्य लाइनला जोडलेल्या, टोकाला कुठेच न जाणाऱ्या फाट्यामुळे पडतो. सिग्नल त्या फाट्यात शिरतो, टोकाला आपटून उलटा येतो, आणि ज्या लहरीच्या पाव लांबीएवढा फाटा असतो तिला मारतो. ३८५ वा टोन म्हणजे साधारण १.६६ मेगाहर्ट्झ. तारेत सिग्नलचा वेग सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर धरला तर फाट्याची लांबी निघते ३० मीटर.

घरात असा फाटा होताच. बाहेरून लाइन जिथे आत येते त्या रोझेटमधून (तारा जोडायच्या डबीतून) एक समांतर तार वरच्या खोलीतल्या जुन्या फोनला गेली होती, भिंतीच्या कडेकडेने वळसे घेत. तिथे स्प्लिटर (बोलणं आणि नेटचा सिग्नल वेगळे करणारी डबी) नव्हता, आणि तो फोन उचलला की सीआरसी एररचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत उड्या मारायचा. एकच तार तीन प्रकारे नडत होती. फोन उचलल्यावर लाइनचा तोल बिघडवत होती, सिग्नल उलटा फिरवत होती, आणि लांब असल्यामुळे अँटेना बनून रेडिओ घरात आणत होती.

रोझेट उघडून ती जोडी सोडवली. लाइनवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, पण घंटा वाजताना त्यावर चांगला दणका बसेल एवढा एसी चढतो, त्यामुळे लाइन बाहेरून सोडवून मगच हात घालावा. मॉडेम थेट रोझेटजवळ आणला आणि त्याच्यापासून कॉम्प्युटरपर्यंत लांब लॅन केबल ओढली. लांबी वाढवायचीच असेल तर ती मॉडेमच्या कॉम्प्युटरकडच्या बाजूला वाढवावी, टेलिफोनच्या तारेच्या बाजूला नाही.

दिवसा नव्याने जुळवल्यावर सिंक १६ च्या जवळ गेला. आलेखातला खड्डा भरून निघाला होता. रेडिओच्या खाचा रात्री अजूनही दिसतात, पण उथळ, आणि मार्जिन ४ च्या खाली जात नाही. डाउनलोडचा प्रत्यक्ष वेग १४ च्या आत आहे. त्यात बिघाड नाही. माझ्या लाइनवर पॅकेट ५३ बाइटच्या सेलमध्ये कापली जातात आणि प्रत्येक सेलचे ५ बाइट पत्त्याचे असतात, तेवढी तूट धरलेलीच.

मग कंपनीकडे एकच मागणी केली, ती इंटरलीव्हिंग कमी करण्याची. लाइन खराब असताना त्यांनी ते वाढवलेलं होतं. त्यात डेटा पसरवून पाठवतात, म्हणजे क्षणभराचा गोंगाट अनेक तुकड्यांत विभागला जातो आणि दुरुस्त करता येतो. पण त्यासाठी थांबावं लागतं. या वेळी फोनवर मार्जिन, अॅटेन्युएशन आणि सीआरसीचे आकडे वाचून दाखवले, तर मॉडेम बंद-चालू करायला कुणी सांगितलं नाही. इंटरलीव्हिंग उतरल्यावर पिंग निम्म्यावर आलं. सीआरसी एरर दिवसाला थोडे वाढलेत, पण कॉलमध्ये जाणवत नाहीत, म्हणून तसंच ठेवलं आहे.