काहीतरी असतं तर कोणीतरी थांबलं असतं

झोप येत नाहीये म्हणून लिहून टाकते. संध्याकाळी जिना उतरताना एक माणूस पायरीवर भिंतीला टेकून बसलेला दिसला, मान खाली, बॅग कलंडलेली, आणि आम्ही सगळे त्याला वळसा घालून उतरत होतो. मी बघितलं, नीट बघितलं. बरं नाहीये वाटतं याला, असं मनात आलं आणि पाठोपाठ आलंच की दमला असेल, काही असतं तर कोणीतरी थांबलं असतं ना. आणि मी पुढे गेले.

ते "कोणीतरी" आता डाचतंय. माझ्या मागून येणारे माझ्याकडे बघूनच तेच ठरवत असणार, म्हणजे त्यांच्यासाठी न थांबलेली मीच होते.

मग मागून एका मुलीचा आवाज आला, "काका, काय होतंय?" मी वळले. अर्ध्या मिनिटात सात-आठ जण गोळा, कोणी पाणी देतंय, कोणी ॲम्ब्युलन्सला फोन लावतंय, मी वर जाऊन त्याची बॅग धरली. घामानं पूर्ण भिजला होता तो. आणि ही सगळी तीच माणसं, मघाशी वळसा घालून जाणारी!

घरी येऊन बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग परत वाचला. फॉर्म भरायला बसवलेल्या लोकांच्या खोलीत धूर सोडायचा. एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून सांगितलं, पण सोबत दोन माणसं मुद्दाम शांत बसवली की फक्त १० टक्के उठले, बाकीचे डोळे चोळत, धूर हातानं बाजूला करत फॉर्मच भरत राहिले. धूर दिसत होता त्यांना. पण शेजारचा हलला नाही म्हणजे आग नसणार, असा अर्थ त्यांनी लावला, आणि मी पण आज अगदी हेच केलं.

तरी गर्दीलाच दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. २०१९ मध्ये लँकेस्टर, ॲमस्टरडॅम, केपटाऊनमधल्या भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज तपासलं तेव्हा दहातल्या नऊ वेळा कोणीतरी मध्ये पडलेलं दिसलं, आणि माणसं जास्त तेवढी मदतीची शक्यता जास्त. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या प्रयोगात पण, जिथे कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी लांब आहे एवढंच सांगायचं होतं, बाकी सगळे ठरवून चुकीचं सांगायचे तेव्हा लोकांची साधारण तीनातली एक उत्तरं त्यांच्यासारखीच चुकायची, पण एकानं जरी खरं सांगितलं तरी चुका एकदम कमी. आज ती एक म्हणजे ती मुलगी. तिनं विशेष असं काही केलं नाही, वाकून विचारलं फक्त. तेवढं मला का जमलं नाही, हे मी संध्याकाळपासून स्वतःला विचारतेय.

बॅग परत घेताना तो माणूस मला दोनदा थँक्यू म्हणाला. मी आधी पुढे निघून गेले होते, हे त्याला सांगायला तोंड उघडलं नाही.