पोलाद दस्त्यात कसे बसते, यावर सगळे ठरते

पोलाद दस्त्यात, म्हणजे रायफल पेलणाऱ्या आणि खांद्याला टेकणाऱ्या भागात, कसे बसले आहे, या माझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी येथील, म्हणजे न्यूझीलंडमधल्या, दुकानदाराने काउंटरवर जाड कापड अंथरले, रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा सरकता दांडा, काढून बाजूला ठेवला, दस्त्याखालचे दोन स्क्रू सोडवले आणि नळीसकट सगळा पोलादी भाग उचलून माझ्या हातात दिला. मी ती रायफल घेईन की नाही, याची त्याला काहीच खात्री नव्हती. विकायला ठेवलेली नवीकोरी वस्तू गिऱ्हाइकाला आतून पाहता यावी म्हणून एवढा खटाटोप करणाऱ्या माणसाबद्दल मी सांगलीला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितले, तेव्हा तिकडून पहिला प्रश्न आला तो असा, की माळकऱ्याच्या घरातल्या मुलाला रायफल हवीच कशाला.

हा प्रश्न मला लागला, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. मी राहतो त्या पामर्स्टन नॉर्थच्या आसपासच्या मनावातू भागात सांबर आहेत, आणि ते १८७५ मध्ये तेव्हाच्या सिलोनमधून माणसाने आणून सोडलेल्या जोडीपासून वाढलेले आहेत. वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी न्यूझीलंडचा मूळचा नाही, त्यामुळे हरणांनी कोवळी रोपे खाल्ली की येथील जंगलाला त्याची सवय नसते, आणि हरणांची संख्या आवरायला वाघही नाही. आपल्या चांदोलीचा सांबर हा तेथील जंगलाचा मालक आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आहे आणि २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्यावर कोणी बंदूक रोखली तर मी स्वतः वनखात्याला कळवीन. जात तीच असली तरी दोन्ही देशांत तिचे स्थान वेगळे आहे, आणि ज्या प्राण्याचे मांस घरात शिजणार आहे तो एका गोळीत, वेदनेविना पडावा, एवढ्यासाठीच मी या रायफलच्या निवडीत इतका जीव घातला.

परवान्याबद्दल थोडक्यात सांगतो. सुरक्षेच्या सात नियमांवर परीक्षा, माझी मुलाखत, पत्नीची मुलाखत, घरातल्या पोलादी कपाटाची पाहणी आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवण्याची अट, असा तो प्रवास आहे. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत गोळीबार झाला त्यानंतर येथे बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. हरणाच्या शिकारीसाठी मला त्यांची गरजही नव्हती, कारण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणारी रायफल शिकाऱ्याला पहिल्या गोळीची किंमत शिकवते.

आता मूळ विषय. माझे शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी कुपवाडच्या एमआयडीसीतली, त्यामुळे कोणतेही यंत्र हातात आले की त्याचे भाग एकमेकांवर कसे बसले आहेत, हे मी आधी पाहतो. गोळी सुटते तेव्हा काडतुसाचा सगळा रेटा बोल्टच्या तोंडाशी असलेल्या कानांवर, म्हणजे त्याला जागी अडकवणाऱ्या उंचवट्यांवर, येतो. हे दोन्ही कान समोरच्या खाचेत सारखे टेकले पाहिजेत. एकच टेकला तर दर गोळीला बोल्ट किंचित तिरका दाबला जातो आणि नेम पसरतो. कुपवाडला आम्ही जसे ब्ल्यू, म्हणजे टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग, लावून दोन पृष्ठभागांची बैठक तपासत असू, तशीच ती येथेही तपासता येते, आणि वापरलेली रायफल असेल तर कानांमागची झिजलेली चमक पाहूनही बरेच कळते.

त्याहून महत्त्वाची बैठक म्हणजे पोलादाची दस्त्यातली. गोळी पुढे जाते तेव्हा पोलादी भाग मागे ढकलला जातो, आणि तो धक्का दस्त्याला देण्यासाठी खालच्या बाजूला एक जाड पोलादी ठोकळा असतो. जर्मन बंदूककार पॉल माउझरच्या १८९८ च्या रचनेत हा ठोकळा मुख्य भागातूनच, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादातूनच, घडवलेला आहे, विंचेस्टर ७० मध्ये आणि जपानच्या होवा १५०० मध्येही तसाच आहे. रेमिंग्टन ७०० मध्ये तो नळी आणि मुख्य भाग यांच्यामध्ये अडकवलेली वेगळी चकती आहे, तर फिनलंडच्या टिक्का टी३एक्समध्ये तो दस्त्यातच बसवलेला तुकडा असून मुख्य भागाची खाच त्यावर येऊन बसते. यातली प्रत्येक पद्धत नीट केली तर चालते, हे मला मान्य आहे, कारण टिक्काची अचूकता येथे कोणीही नाकारत नाही. तरीही सांध्यांची संख्या जितकी कमी तितकी सैल पडण्याची ठिकाणे कमी, ही आमच्या जुन्या फोरमनची शिकवण माझ्या हाडात आहे. ठोकळ्यामागची जागा दस्त्याला घट्ट भिडलेली असली पाहिजे आणि स्क्रू आवळताना पोलाद वाकता कामा नये. एक स्क्रू हळूहळू सोडताना नळीचे टोक दस्त्यापासून हलताना दिसले तर आतली बैठक चुकलेली आहे, असे समजावे. ही चूक इपॉक्सी भरून दुरुस्त होते, पण नव्या रायफलमध्ये ती का स्वीकारावी?

नळी मात्र दस्त्याला कुठेही टेकता कामा नये. कागदाची घडी नळीखालून सरकवत मुख्य भागापर्यंत विनाअडथळा गेली पाहिजे, कारण तापलेली नळी दस्त्याला भिडली की गोळी सरकते. येथे मला मिरजेच्या सतारकारांची आठवण झाली, जे वर्षानुवर्षे वाळवलेल्या लाकडालाच हात लावतात, कारण ओल खाऊन हललेले लाकूड पुढे सूर बिघडवते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता पाहून जीव गुंततो, पण मनावातूच्या पावसाळी झाडीत मी कृत्रिम दस्ताच घेतला.

या सगळ्यात आपल्याकडच्या कारागिरीला कमी लेखू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ज्या पट्ट्याने किर्लोस्करवाडीपासून पंप घडवले त्या पट्ट्यातला फिटर अशी बैठक सहज जमवील. इशापूरच्या कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल आपल्याकडे काही शेतकऱ्यांच्या परवान्यावर अजून आहे. ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या त्या घराण्यात बोल्टचे कान मागच्या बाजूला असतात, त्यामुळे पुढच्या कानांइतका ताठपणा तिच्यात येत नाही, पण तिचा बोल्ट झटकन चालतो आणि चिखलात ती अडत नाही. तिला नावे ठेवणाऱ्या येथील माणसांशी मी वाद घातला आहे आणि पुन्हा घालीन. कमी पडते ती आपल्याकडे गिऱ्हाइकासमोर वस्तू खोलून दाखवण्याची रीत, आणि तेही परवान्याच्या कटकटीत कोणाला सुचणार!

अचूकतेच्या जाहिराती वाचताना एक ध्यानात ठेवावे. एक मिनिट कोन, अर्थात अंशाचा साठावा भाग, म्हणजे १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर, आणि इतक्या वर्तुळात तीन गोळ्या बसवून दाखवण्याची हमी काही कंपन्या देतात. तीन गोळ्यांत दैवाचा वाटा मोठा असतो; दहा गोळ्यांचे वर्तुळ पाहिले की खरे रूप कळते. शिकाऱ्याला याहून जास्त हवी असते ती थंड नळीची पहिली गोळी, जी दर वेळी त्याच जागी लागली पाहिजे. चाप दीड किलोच्या आसपासच्या दाबाला, न घसरता सुटावा. वजनाच्या बाबतीत मोह आवरावा, कारण फार हलकी रायफल खांद्याला जोरात मारते आणि मग माणूस चाप ओढताना डोळे मिटतो.

काडतुसाच्या बाबतीत मला .३०० विंचेस्टर मॅग्नम हवे होते, कारण सांबराचा नर २०० किलोच्या पुढे जाऊ शकतो. त्या दुकानदाराने जास्त पैशांचा सौदा हातचा सोडून मला १९५२ मध्ये आलेल्या .३०८ विंचेस्टरकडे वळवले. धक्का कमी, काडतुसे सगळीकडे मिळतात, आणि चांगल्या बांधणीची गोळी योग्य जागी लागली तर सांबराला ती पुरते, असे त्याचे म्हणणे होते. वाचलेले पैसे दुर्बिणीवर आणि तिच्या पोलादी कड्यांवर घालवावेत, हेही त्यानेच सांगितले.

शेवटी मी होवा १५०० घेतली. टिक्का हलकी होती आणि तिचा बोल्ट अधिक मुलायम चालत होता, हे खरे आहे, परंतु मुख्य भागातूनच घडलेला ठोकळा आणि त्या भागाचे सपाट बूड यांनी मला बांधून ठेवले. १९०७ मध्ये साकिची तोयोदांच्या मागांपासून सुरू झालेली आणि पुढे यंत्रे बनवणारी ही कंपनी आहे, हे विट्याच्या यंत्रमागांच्या आवाजात वाढलेल्या माझ्या पत्नीला सांगितल्यावर तिचा विरोध बराच मावळला. १०० मीटरवर गोळी सुमारे ५ सेंटिमीटर वर लागेल अशी दुर्बीण लावली की १५० ग्रेन वजनाची गोळी २०० मीटरच्या आसपास नेमावर येते, आणि येथील दाट झाडीत सांबर त्याच्या निम्म्या अंतरावरही क्वचितच दिसतो, म्हणून त्याहून लांबचा नेम धरण्याचा माझा विचार नाही.