एक मीटरचं हरिकेन, खान्देशच्या उन्हासाठी

फोमचं वॉरबर्ड, म्हणजे जुन्या लढाऊ विमानाचं रेडिओवर उडणारं मॉडेल, शून्यापासून बांधायला घेतलं की पहिली चूक होते ती दुकानात. फ्लेक्सवाल्याकडे जाऊन 'फोमशीट' मागितली की तो सनबोर्ड काढून देतो. पांढरी, गुळगुळीत, ब्लेडने सुरेख कापली जाणारी ती शीट पीव्हीसीची असते आणि घन सेंटीमीटरला जवळपास अर्धा ग्रॅम भरते. एक मीटर पंखाच्या विमानाला सगळी मिळून ०.७ चौरस मीटरच्या आसपास शीट लागते. ५ मिमी सनबोर्डमध्ये तिचं वजन पावणेदोन किलो होईल, एक्सपीएस फोममध्ये (थर्माकोलच्या जातीचा, पण बारीक पेशींचा) सव्वाशे ग्रॅम. म्हणून दुकानात १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा मागून घ्या आणि काट्यावर ठेवा. एक्सपीएस दोन ग्रॅमच्या आत भरतं, दोन्हीकडून कागद लावलेलं फोमबोर्ड चार-पाच ग्रॅम, सनबोर्ड पंचवीस. ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा काही शेकड्यांत मिळतो. सोन्याच्या गावाला, म्हणजे जळगावकरांना, काट्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुढे हा काटा ब्लेडइतकाच लागणार आहे.

विमान कोणतं? पहिल्या वॉरबर्डला बहुतेकांना स्पिटफायर हवं असतं. दिसायला ते देखणं आहेच, पण त्याचा लंबवर्तुळाकार पंख सपाट शीटमधून वळवणं म्हणजे डोकेदुखी, आणि टोकाकडे तो लवकर स्टॉल होतो, म्हणजे वेग कमी पडला की उचल सोडतो. हॉकर हरिकेनचा पंख जाड आणि सरळ निमुळता, शेपटीकडचा अर्धा भाग कापडाचा, त्याखालच्या लाकडी पट्ट्या बाहेरून उठून दिसतात. फोममध्ये हे सगळं सोपं जातं. शिवाय ते आपलंही विमान आहे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची १ नंबरची स्क्वॉड्रन अर्जन सिंग यांच्या हाताखाली हरिकेनच उडवत होती.

खऱ्या हरिकेन मार्क दोनचा पंख ४० फूट, लांबी ३२ फूट ३ इंच, पंखाचं क्षेत्रफळ २५७.५ चौरस फूट. १:१२ प्रमाण धरलं की पंख १०१६ मिमी, लांबी ८१९ मिमी आणि क्षेत्रफळ १६.६ चौरस डेसिमीटर होतं. थ्री-व्ह्यू नकाशा (वरून, बाजूने आणि समोरून काढलेला) ए-४ च्या तुकड्यांत छापा, पण आधी त्यावर १०० मिमीची एक रेघ काढा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा. प्रिंटर 'फिट टू पेज' करून ९६ टक्के छापतो, आणि ते लक्षात येतं दोन्ही पंख कापून झाल्यावर.

वजनाचा हिशेब कापण्याआधी मांडायचा. २२१२ आकाराची १००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला हजार फेऱ्या) मोटर माउंटसह ६० ग्रॅम, १०×४.७ इंची प्रॉप (पुढचा पंखा) आणि स्पिनर (त्यावरची टोपी) २५, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) २८, ३ सेलची २२०० एमएएच बॅटरी १८५, ९ ग्रॅमचे चार सर्वो (हलते भाग ओढणाऱ्या छोट्या मोटरी) ३६, रिसीव्हर १५, वायरी २०. झाले ३६९. फोम १२२, गोंद ५०, कार्बन नळी २५, प्लायवुड २०, रंग ४०, चाकं आणि तारा ६०. एकूण ६८६, म्हणजे ७०० धरा. चौरस डेसिमीटरला ४२ ग्रॅम पडले. एवढ्या वजनाला स्टॉलचा वेग ताशी २८-२९ किलोमीटर येतो. तेच विमान किलोभर झालं की ३४. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण उतरताना तोच फरक विमान आणि भरीत यांच्यातला असतो.

हा हिशेब डिसेंबरच्या सकाळचा. मे महिन्यात ४४ अंशांना हवा १२ अंशांच्या मानाने दहा टक्के विरळ असते. तेवढ्याच फेऱ्यांना प्रॉपची ओढ दहा टक्के घटते आणि स्टॉलचा वेग पाच टक्के वाढतो. हिवाळ्यात छान उडालेलं विमान उन्हाळ्यात 'बिघडलं' असं वाटतं, ते बरेचदा यामुळे.

आता पंख. मुळाशी रुंदी २०४ मिमी, टोकाला १२२. खऱ्या हरिकेनचा पंख मुळाशी १९ टक्के जाड होता, पण एवढ्या लहान आकाराला १२ टक्के पुरे, खालून सपाट. मुळाशी जाडी २४.५ मिमी येते. त्यातून खालची-वरची शीट ५-५ मिमी वजा केली की स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या कण्याला, १४.५ उरतात, म्हणजे फोमचे तीन थर. टोकाला हाच हिशेब ४.६ मिमीवर येतो, म्हणजे एक थर. स्पार पुढच्या कडेपासून ३० टक्क्यांवर, मुळाशी ६१ मिमीवर. त्याला लागून ६ मिमी कार्बन नळी दोन्हीकडे जेवढी सरळ जाईल तेवढीच घाला. ती टोकापर्यंत नेल्याने ताकद फारशी वाढत नाही, वजन मात्र वाढतं.

वरची शीट वळवणं हे खरं हाताचं काम. एक्सपीएसला लाकडासारखी दिशा असते. एका बाजूने सहज वळतं, दुसऱ्या बाजूने कडकन मोडतं. आधी छोटा तुकडा दोन्हीकडून वाकवून बघा. सोपी दिशा पंखाच्या रुंदीत आली पाहिजे. मग शीट जाड सतरंजीवर ठेवून पोळपाटाच्या लाटण्याने, पुढच्या एक तृतीयांश भागावर जास्त दाब देत, आठ-दहा वेळा लाटायची. फोमच्या आतल्या पेशी दबतात आणि शीट आपणहून बाक धरते. घाई केली की आडवी चीर पडते, ती रंगाखालूनही दिसते. वक्र बाजू लांब भरते म्हणून मुळाशी वरची शीट ८ ते १० मिमी जास्त रुंद कापा आणि चिकटवल्यावर मागची कड सरळ छाटा. नेमकी कापून नंतर ओढून बसवली की पंख पिळतो.

पिळण्यावरून वॉशआउट. पंखाचं टोक मुळापेक्षा दोन अंश खाली बघायला हवं, म्हणजे टोकाशी मागची कड ४ मिमी वर. गोंद ओला असतानाच मागच्या कडेखाली ४ मिमीची पट्टी टोकाकडे सरकवा, वर पुस्तकं ठेवा आणि रात्रभर विसरा. हे केलं नाही तर उतरताना वळणात एक पंख अचानक खाली जातो आणि लोक म्हणतात सिग्नल गेला. सिग्नल बहुतेक वेळा जागेवरच असतो. मधला भाग सपाट ठेवून बाहेरचे पंख साडेतीन अंश वर घ्या. ४०० मिमी लांबीला टोक २४ मिमी उचललं की झालं.

फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, साधं ठेवा. दोन बाजू, तळ, ५ मिमीचे सात-आठ फॉर्मर (आतले आडवे पडदे) आणि पाठीवर लाटून वळवलेली शीट. मागच्या फॉर्मरांना मधोमध भोकं पाडा. सीजीपासून (विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून) ४५० मिमी मागे असलेले १० ग्रॅम तोलायला २०० मिमी पुढे २२ ग्रॅम शिसं लागतं. हरिकेनचं नाक आखूड आहे, तिथे फारसं ठेवताही येत नाही. म्हणून एलेव्हेटर (शेपटीची नाक वर-खाली करणारी पट्टी) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी) यांचे सर्वो शेपटीत लावू नका, पंखाच्या मागच्या कडेपाशी ठेवा आणि प्लास्टिक नळीतून १ मिमीची स्प्रिंग-तार मागे न्या. शेपटीच्या भागाला गोंदही मोजूनच. कापडाखालच्या पट्ट्या दाखवायला खराट्याच्या बारीक हिराचे चिरलेले तुकडे पुरतात, वर पातळ टिश्यू.

आडवी शेपटी प्रमाणात ठेवली तर लहान पडते. शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले पंखापासूनचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले सरासरी रुंदी, हा आकडा ०.४ यायला हवा. इथे सरासरी रुंदी १६६ मिमी, अंतर ४५० मिमी, तेव्हा शेपटी २५० चौरस सेमीच्या आसपास. नकाशापेक्षा थोडी मोठी दिसेल. दिसू द्या.

मोटर जिच्यावर बसते ती फायरवॉल ४ मिमी प्लायची, आणि ती एपॉक्सीने. ग्लूगन इथे चालत नाही. गरम गोंद साठ-सत्तर अंशांना मऊ पडतो, आणि गडद रंगाचं नाक वैशाखात उन्हात ठेवलं की आतलं तापमान तिथवर जातं. मग पूर्ण थ्रॉटलला मोटर फायरवॉलसकट हलते. ग्लूगन बाकी ठिकाणी, तीही बेताने. साधं इन्स्टंट गोंद एक्सपीएस खातं, स्प्रेच्या डब्यातला रंगही खातो. चुकून फवारला तर मिनिटभरात पृष्ठभागावर देवीचे व्रण उमटतात.

मोटर दोन अंश उजवीकडे आणि दोन अंश खाली वळलेली हवी. माउंटच्या डाव्या दोन स्क्रूंखाली १ मिमीचा एकेक वॉशर घातला की उजवी बाजू जमली. वरच्यांखाली तसाच आणखी एक घातला की खालची. डावा-वरचा स्क्रू दोन्हीत येतो, त्याखाली दोन वॉशर. पण मोटर फिरवल्यावर स्पिनर मधून सरकतो, नाक वाकडं दिसतं. फायरवॉलपासून स्पिनर ४५ मिमी पुढे असेल तर तो दीड मिमी सरकतो. म्हणून भोकं पाडतानाच मोटरचं केंद्र दीड मिमी डावीकडे आणि तेवढंच वर घ्या.

हवेची वाट विसरू नका. स्पिनरच्या खाली बोटभर भोक ठेवा आणि पोटाखालच्या रेडिएटरचं मागचं तोंड खरोखर उघडं ठेवा, आत येण्याच्या भोकाच्या दीडपट. रेडिएटरचं पुढचं तोंड मात्र काळा रंग देऊन बंदच. बाहेर जायची वाट अरुंद असली की हवा आत शिरतच नाही आणि ईएससी तापून मधेच मोटर बंद करतो.

रंग पाण्यातला अ‍ॅक्रिलिक, दोन पातळ हात. वर गडद हिरवा आणि तपकिरी, खाली करडा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेत लाल रंग नव्हता. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा नको म्हणून फक्त गडद आणि फिकट निळा ठेवला होता. खूप जण इथे ब्रिटनमधली लाल ठिपक्याची खूण छापतात. उन्हाचं म्हणाल तर हिरवा शक्य तितका फिकट घ्या. गडद रंग फोमला भाजतो आणि लाटलेली शीट स्पारवरून उठते.

सीजी सरासरी रुंदीच्या २५ टक्क्यांवर. ती रुंदी मध्यरेषेपासून २३३ मिमीवर येते. तिथल्या पुढच्या कडेपासून ४२ मिमी मागे पंखाखाली खूण करा. पहिल्या उड्डाणाला बॅटरी लावून दोन बोटांवर तोललं की नाक किंचित खाली जायला हवं. सवय झाल्यावर ५० मिमीपर्यंत मागे नेता येतं, त्यापुढे नको. हालचाली: एलेव्हेटर वर-खाली १० मिमी, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वर १२ आणि खाली ८, रडर २० मिमी, एक्स्पो (काठी मधोमध असताना हालचाल मऊ करणारी रेडिओतली सेटिंग) ३० टक्के. एलेरॉन उलटे नाहीत ना, हे विमानाच्या मागे उभं राहून बघा. उजवीकडे काठी केली की उजवा एलेरॉन वर.

चाकांबद्दल मत साफ आहे: काळ्या जमिनीत ती काढून टाका. कापूस काढलेल्या शेतात पऱ्हाट्यांचे खुंट आणि उन्हाळ्यात बोटभर भेगा असतात. ६० मिमीचं चाक अडकतं आणि विमान नाकावर आपटतं. पायाची तार खाचेत बसणारी ठेवा, डांबरी पट्टा मिळेल तेव्हा लावायची. एरवी हातातून फेकायचं आणि पोटावर उतरवायचं. त्यासाठी प्रॉप रबरबँडच्या सेव्हरवर लावा, म्हणजे आपटल्यावर तो मोडण्याऐवजी कलतो. फेकणाऱ्याने विमान सरळ, आडवं ढकलायचं, वर नाही. थ्रॉटल तीन चतुर्थांश, रेडिओ दुसऱ्याच्या हातात. केळीच्या बागांपासून लांब उभे राहा. पानाआड पडलेलं हिरवं-तपकिरी विमान शोधायला अर्धा दिवस जातो.

वेळ सकाळी साडेआठच्या आत. साक्रीजवळ ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांचं रान उगाच उभं नाही. मे-जूनमध्ये दुपारनंतर सातशे ग्रॅमच्या विमानाला तो वारा झेपत नाही. डिजिटल स्कायवर, म्हणजे कुठे उडवता येतं ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, जागेचा रंग आधी बघा. जळगाव विमानतळ आणि भुसावळ-वरणगावचे आयुध कारखाने यांच्या आसपास उडवायचा विचारही नको.

टायमर सात मिनिटांचा लावा. उतरल्यावर बॅटरी सेलमागे ३.६ व्होल्टच्या खाली गेलेली नको, आणि घरी ३.८ वर आणून ठेवा. गाडीच्या डिकीत अजिबात नको. विमानही पत्र्याखालच्या माळ्यावर टांगू नका. दोन आठवड्यांत पंखाचा पीळ बदलतो. पुढच्या उड्डाणाआधी टोकाशी ते ४ मिमी दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, पट्टी लावून मोजा. कमी भरले तर हेअर ड्रायरने लांबून ऊब देत पंख पिळा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा.