बरगड्यांचे फ्रॅक्चर आणि भूलतज्ज्ञांचा 'कॉल'

"भूलतज्ज्ञांना कॉल दिला आहे, ते येऊन पाहतील." कॉल म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाला रुग्ण पाहायला बोलावण्याची चिठ्ठी. सोलापुरातील ज्या रुग्णालयात माझे वडील दाखल होते, तेथे हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले की त्याचा राग अजून ओसरलेला नाही. मोहोळहून परतताना दुचाकी घसरून त्यांच्या डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, आणि सारे आयुष्य यंत्रमागांच्या कापूसधुळीत गेलेले. दाखल करणे, एक्स-रे, सीटी स्कॅन हे सर्व सुरळीत झाले.

शल्यचिकित्सकांनी पहिल्याच राउंडला नीट समजावले होते. मोडलेल्या बरगड्या बहुधा आपोआप जुळतात. पण दुखते म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो, खोकला दाबून धरतो, मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटू लागतो, कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. वय 65 च्या वर असेल आणि तीन किंवा अधिक बरगड्या मोडल्या असतील, तर हा धोका बराच वाढतो. म्हणून वेदना आटोक्यात ठेवणे हाच येथे न्यूमोनिया टाळण्याचा उपचार असतो. गोळ्या-इंजेक्शने पुरी पडली नाहीत, तर पाठीत मणक्यालगत बारीक नळी बसवून तिच्यातून औषध देतात, ज्याला एपिड्युरल म्हणतात. त्यासाठीच तो कॉल होता.

वॉर्डमध्ये विचारले तर कॉल गेला आहे असे सांगत. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी विचारले तर चिठ्ठी पोहोचलीच नाही म्हणत. इकडे वडील छाती धरून कुत्र्यासारखे धापत होते आणि श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रात हवा ओढून ज्या तीन प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलायच्या असतात, त्यांतली पहिलीसुद्धा पुरती उचलली जात नव्हती. संध्याकाळी भूलतज्ज्ञ आले, त्यांनी कागद पाहिले आणि आज नळी बसवता येणार नाही असे सांगितले, कारण पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाणारे इंजेक्शन थोड्याच वेळापूर्वी टोचले गेले होते. त्या प्रतिबंधक मात्रेनंतर साधारण 12 तास थांबावे लागते, नाहीतर मज्जारज्जूभोवती रक्तस्राव होण्याचा धोका असतो. ते इंजेक्शन आवश्यक होते आणि त्यांचा नकारही योग्य होता. परंतु एकाच रुग्णाच्या या दोन गोष्टींच्या वेळा जुळवणे हे कोणाचेच काम मानले जात नव्हते, आणि त्यामुळे माझ्या वडिलांना आणखी एक रात्र काढावी लागली, हे मला आजही पटत नाही.

त्या रात्री मी सिस्टरांना विनंती करून पुढच्या मात्रेची वेळ दोन्ही डॉक्टरांकडून फोनवर ठरवून घेतली आणि ती फाइलवर ठळक लिहायला लावली. हे मात्र मी अभिमानाने सांगतो. सकाळी संमतीपत्रावर सही झाली, नळी बसली, आणि दुपारी वडिलांनी दुसरी गोळी उचलून धरली तेव्हा मला विलक्षण हायसे वाटले. म्हणून एपिड्युरलचा विषय निघताच, रक्त पातळ करणारे इंजेक्शन केव्हा दिले आणि पुढचे केव्हा आहे, हे प्रथम विचारावे.

श्वासाच्या व्यायामाचे ते यंत्र फुंकायचे नसते, तोंडाने हवा सावकाश आत ओढायची असते. गोळ्यांपुढचे 600, 900 आणि 1200 हे आकडे हवेचा वेग दाखवतात. जागेपणी दर तासाला सुमारे दहा वेळा आणि बसूनच करावे. खोकताना दुखऱ्या बाजूला उशी घट्ट दाबून धरली की कफ सुटतो. पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली ठेवावी, दात रोज घासून द्यावेत, डॉक्टरांनी परवानगी देताच रुग्णाला खुर्चीत बसवावे आणि चालवावे. भेटायला आलेल्या आमच्या अनेक नातेवाइकांनी छातीला घट्ट पट्टा बांधण्याचा आग्रह धरला होता. तो बांधू नये, कारण त्याने छाती फुलत नाही. तंबाखू-विडी तर रुग्णालयात पाऊल ठेवल्या दिवसापासून बंद करावी, आणि घरी आल्यावरही, खोल श्वास घेताना दुखणे थांबेपर्यंत, यंत्राचा व्यायाम चालू ठेवावा.