मुळं धरली होती

घर विकणाऱ्या एजंट मॅडमचा मेसेज आला: 'डील झाली. उद्यापासून पाणी बंद. बिल पाठवून द्या.' खाली जोडलेले हात आणि एक हिरवं पान. राग आधी त्या हिरव्या पानाचाच आला.

खरं तर रागावण्यासारखं यात काहीच नाही. रिकाम्या घरापुढं हिरवळ असली की घर लवकर जातं, आणि घर गेलं की हिरवळीचं काम संपतं. बिल्डरचा सॅम्पल बंगला असो की एजंटच्या हातातलं बंद घर, इतकी वर्षं मी याच कामावर जगतोय. पैसेही वेळेवर मिळतील, या मॅडम त्या बाबतीत चोख आहेत. माझं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे साहेब, त्यांच्यासारख्या नाहीत. साहेबांचं जाऊ दे.

मग जेवण झालं तरी मी वही उघडून का बसलोय?

मेसेजनंतर त्या घरून नळ्या आणि स्प्रिंकलर परत आणायला गेलो होतो. दाजी गाडीतच बसले. निघता निघता सवयीनं कडेच्या कार्पेटचा, म्हणजे रोलमधून पसरलेल्या तयार गवताचा, कोपरा चिमटीत धरून ओढला. नवं लॉन टाकलं की ही परीक्षा घ्यावीच लागते. सुरुवातीला कोपरा अलगद वर येतो, खाली नुसती ओली लाल माती दिसते. मग एक दिवस तो येत नाही. आज आला नाही. थोडा जोर लावला तर खालून बारीक चर्र असा आवाज झाला. बघितलं तर पांढऱ्या मुळ्या ताणून धरलेल्या, दोन-चार तुटलेल्या. तुटलेल्या टोकांना माती चिकटली होती, पण ती आमची लाल माती नव्हती. खालची होती, राखाडी, सिमेंटची कच मिसळलेली. कडेला आमचा थर पातळ पडला होता, तो ओलांडून त्या खाली घुसल्या होत्या. मी घाईघाईनं कोपरा खाली दाबला, वरून पायानं बसवला आणि निघालो.

सैल निघाला असता तर काही वाटलं नसतं. नळी खांद्यावर टाकून गाडीत बसलो असतो.

त्या जमिनीत मुळं धरणं म्हणजे काय, हे मॅडमना सांगून उपयोग नाही. बांधकाम चालू असताना पुढच्या मोकळ्या जागेत ट्रक उभे राहतात, वाळू-खडी पडते, मिक्सर धुतला जातो. काम संपलं की राडारोडा वरवर उचलतात, उरलेला सपाट करतात आणि आम्हाला बोलावतात. पहार मारली तर ठण्‌ असा आवाज येतो. सिमेंटमधल्या चुन्यानं माती विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची होते, मग तिच्यातलं लोह मुळांना घेता येत नाही आणि पात्यांवर पिवळ्या रेघा उमटतात. मी 15 सेंटिमीटर चांगली माती मागितली होती. हल्ली 'हो' म्हणतात आणि निम्मी पाठवतात. मागितली नाही तर तीही येत नाही, म्हणून मागत राहायचं.

रोल आले त्या दिवशी ऊन करकरीत होतं. गुंडाळलेलं गवत एकावर एक रचून ठेवलं तर आतून तापतं, हात घातला तर चटका बसावा इतकं. म्हणून आले की लगेच पसरायचे, सांधे विटांच्या बांधकामासारखे मागंपुढं घ्यायचे, फट राहू द्यायची नाही, रूळ फिरवायचा, भरपूर पाणी द्यायचं. पुढचे दोन-तीन आठवडे तर पाणीच सगळं. नवं कार्पेट म्हणजे दवाखान्यातून नुकताच घरी आणलेला पेशंट. जुनं बर्म्युडा गवत पाण्यावाचून महिनाभरही तग धरतं, वरून वाळतं पण जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात, पाणी मिळालं की परत फुटतं. नव्याकडे अजून ती शिल्लक नसते. आणखी आठवडाभर रोज पाणी मिळालं असतं, तर मी स्वतःहून म्हणालो असतो, आता एक दिवसाआड द्या.

आणि हे पाणी कुणाचं, तर आता कुणाचंच नाही. विकणाऱ्याचं घर राहिलं नाही, घेणाऱ्याच्या ताब्यात आलं नाही. कर्जाची कागदपत्रं, सह्या, किल्ल्या, यात महिना-दोन महिने सहज जातात. तेवढ्या काळात ती हिरवळ आधी निळसर पडेल. मग तिच्यावर पाय दिला की पावलाचा ठसा उठून राहील, पाती परत उभी राहणार नाहीत. तहानेच्या पहिल्या खुणा याच. नंतर कडा वर वळतील. घेणारे येतील तेव्हा तिथं पेंढा असेल, आणि ते म्हणतील, लॉन टाकणारा चोर होता.

हे शेवटचं लिहिताना लक्षात आलं, मला बहुधा हेच झोंबतंय. की नाही? लोक काय म्हणतील हे मी कधी मनावर घेतलं नाही. वहिनी म्हणते, घेत नाहीस म्हणूनच... असो.

रंगाऱ्याचं बरं असतं. त्याच घरात त्यानं भिंती रंगवल्या, डील झाली, तो गेला. रंग तहानेनं मरत नाही. सुताराचं दार कुणी उघडलं नाही तरी दारच राहतं. एका माझ्याच कामाला, मी पाठ फिरवल्यावर रोज कुणीतरी लागतं. नेमकं असलंच काम मी निवडलं, आणि तेही अशा लोकांसाठी जे त्या जागेतून निघून जायच्या घाईत असतात. बाबांनी शेत विकलं तेव्हा त्यांनाही... पण ते वेगळं होतं, तिथं पीक निघालेलं होतं.

फोटोच्या दिवशीची गंमतही लिहूनच टाकतो. मॅडमना मैदानावर असतात तसे पट्टे हवे होते. मुळं धरल्याशिवाय कापायचं मशीन घालता येत नाही, चाकाखाली कार्पेट सरकतं, हे मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग नुसता रूळ फिरवला, एकदा जाताना, एकदा येताना. आपल्यापासून पलीकडे झुकलेली पाती फिकी दिसतात, आपल्याकडे झुकलेली गडद. कापाकापी काही नाही, नुसती झुकवाझुकवी. पिवळ्या रेघांवर आदल्या दिवशीच फेरस सल्फेटचा, म्हणजे लोहाच्या क्षाराचा, हलका फवारा मारला होता, त्यानं रात्रीत रंग चढतो. युरिया नको म्हटलं. त्यात 46 टक्के नत्र असतं, गवत हिरवं होतं पण भसाभस वाढतंही, आणि जेमतेम मुळं फुटलेल्या गवताला ते सोसत नाही. फेरसचे थेंब फरशीवर राहिले तर तांबडे डाग पडतात, म्हणून दाजी बादली घेऊन मागं मागं धूत होते. फोटो सुरेख आला. मॅडम म्हणाल्या, तुमच्या लॉननंच घर विकणार बघा. विकलंच.

म्हणजे काम फत्ते झालं. मला फोटोपुरतंच बोलावलं होतं आणि मी फोटोपुरतं करून दिलं. जास्तीचं जे झालं ते गवतानं केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं मुळं धरायला.

कुठंतरी वाचलं होतं की गवत कापायचं पहिलं मशीन 1830 मध्ये इंग्लंडमधल्या एडविन बडिंगनं केलं, आणि त्याला ते सुचलं कापडाच्या गिरणीतल्या यंत्रावरून, कापडावरची लव छाटून पोत गुळगुळीत करणाऱ्या. तेव्हा वाचून पान उलटलं होतं. आज हसू आलं. या धंद्याचा जन्मच मुळी वरची लव सारखी करण्यात झालाय, आणि मी बसलोय खालच्या मुळांचं सुतक घेऊन.

दाजींचा हिशोब सरळ असतो. घरी येताना म्हणाले, वाळलं तर बरंच की, घेणारे नवं टाकून घेतील, वॉचमनकडं तुझं कार्ड देऊन ठेव. बोलणं चुकीचं नाही. असं झालंय आधी. एकाच अंगणात दोनदा लॉन टाकलंय, दुसऱ्या वेळी घरमालक पहिल्याला शिव्या देत होता आणि मी मान हलवत होतो. त्या कामात मात्र जमीन फूटभर खणून घेतली, राडारोड्याची गाडी भरून बाहेर काढली. ते लॉन अजून आहे, रस्त्यावरून दिसतं.

आणि अगदीच कुणी आलं नाही तरी तिथं लव्हाळा, ते चिवट तण, येईलच. मातीबरोबर त्याच्या गाठी येतात, चाळून घेतली तरी येतात. फोटोच्या दिवशी सकाळीच दोन पाती कार्पेटच्या सांध्यातून ताठ वर आली होती, बाकी सगळ्यांपेक्षा उंच. मॅडमनी किंचाळून दाखवली. मी वरून खुडली, कारण उपटली तरी गाठ खालीच राहते. त्याचं पाणी कुणी बंद करू शकत नाही.

साहेबांच्या परवाच्या साइटचं कोटेशन आत्ताच लिहिलं. एक ओळ वाढवली: विक्री झाली तरी मुळं धरेपर्यंत पाणी चालू राहील, त्याचा खर्च पहिल्या हप्त्यातच. साहेबांचा अकाउंटंट ती बहुतेक खोडेल. दाजींना वाचून दाखवलं तर म्हणाले, आणि मुळं धरली हे ठरवणार कोण, वकील? म्हटलं, तेही लिहितो. कोपरा ओढून बघायचा, दोन्ही पक्षांच्या समक्ष. साहेब काही वाकायचे नाहीत, इस्त्री मोडेल. मॅडम कदाचित वाकतील.