देवाबरोबर कुणकेश्वराला

आमच्याकडे देव स्वतः चालत यात्रेला जातो. देवगड तालुक्यात, अगदी समुद्राला लागून असलेल्या कुणकेश्वराला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. ज्या गावच्या देवाला तसा कौल होतो, तो देव तरंग (म्हणजे लुगडी नेसवलेले, देवाचं रूप मानलेले खांब), देवावर धरायचं अब्दागीर, ढोल-ताशे आणि सगळी रयत घेऊन तीर्थस्नानाला निघतो. दोन स्वाऱ्यांच्या मध्ये कधी कधी कितीतरी वर्षं जातात. म्हणून यंदा देव निघणार असं कळल्यावर मुंबईचे चाकरमानी रजा टाकून आले, माहेरवाशिणी आल्या. मीही गेले.

खरं तर माहेरच्या वाटेला जाऊच नये असं झालं होतं. बाबा लवकर गेले. धाकट्या भावाला मी अंगाखांद्यावर वाढवलं, माझ्या पहिल्या पगारातून त्याची फी भरली. ‘पीककर्जाचे कागद आहेत, ताई, वारसांच्या सह्या लागतात’ असं सांगून त्यानं मला सह्या करायला नेलं. ते हक्कसोडपत्र होतं. बाबांनी लावलेली हापूसची कलमं विकली गेली तेव्हा मला कळलं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. पण त्यानं नुसतं मागितलं असतं ना, तरी मी आनंदानं सोडला असता. सह्या झाल्यावर त्यानं मला स्टँडसमोर चहा-भजी खायला घातली आणि एस.टी.त खिडकीची जागा धरून दिली. जमिनीपेक्षा मला ती खिडकीच जास्त जाळते.

ज्याला सांगावं तो म्हणे, ‘जाऊ दे, भाऊच आहे, पोटात घाल.’ किती घालायचं पोटात?

आम्ही अनवाणी चाललो. मुणगे, मिठबाव, कातवण. दारोदारी रांगोळ्या, तरंगांवर आरत्या ओवाळल्या जात होत्या. कुणी पायांवर पाणी ओतत होतं, कुणी कोकम सरबताचे पेले घेऊन उभं होतं. आणि दोन्ही बाजूंना कलमं. काहींना मोहोर, काहींना सुपारीएवढ्या कैऱ्या. पहाटे एका बागेजवळून जाताना मोहोराचा तो गोडसर, थोडा उग्र वास आला आणि माझे पायच सरेनात. मी चिऱ्याच्या गडग्यावर बसले. आमच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या काकी मागून येत होत्या. काही विचारलं नाही. पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “गो चेडवा, रडाचा असात तर हयच रड. देव फुडे चलता हा. माणसांक किती सांगतलंस? तेका सांग.”

पुढे शिवेवर तरंग थांबले आणि गाऱ्हाणं झालं. लहानपणापासून ऐकत आले, पण त्या दिवशी शब्दन् शब्द आत गेला. मानकऱ्यांनी हात जोडून आवाज चढवला, “बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां, चाकरमानी, माहेरवाशिणी तुझ्या पायाकडे इली हत. तेंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!” सगळी रयत एका आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

माहेरवाशिणी. सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं, पण देवापुढं घेतलं जात होतं.

“कोण वाकडा वागलो असात, वाकडा चिंतीत असात, तेचा वाकड्याचा सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पलीकडे अब्दागीर धरून माझा भाऊ उभा होता. त्याचेही ओठ हलले. मी पाहिलं. तेव्हा मला त्याची कीव आली नाही, रागही निवला नाही. पण इतके दिवस छातीवर एकटीनं उचललेलं ओझं शेकडो माणसांनी माझ्या बरोबरीनं देवासमोर खाली ठेवलं असं वाटलं. देवानं मला क्षमा करायला सांगितलं नव्हतं. त्यानं गाऱ्हाणं ऐकून घेतलं होतं. मला एवढंच हवं होतं आणि ते कोणी देत नव्हतं.

कुणकेश्वराची एक आख्यायिका आहे. वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावरचा दिवा दिसला, त्यानं नवस केला, वाचला, देऊळ बांधलं. मग आपले लोक आता आपल्याला घेणार नाहीत म्हणून त्यानं कळसावरून उडी टाकली. लहानपणी मला त्यातला दिवा आवडायचा. आता त्या माणसाचं एकटेपण कळतं, आणि त्यानं आणखी थोडं देवाजवळ बसायला हवं होतं असं वाटतं.

अमावास्येच्या सकाळी देवांबरोबर आम्ही समुद्रात उतरलो. लाटेनं काकी डगमगल्या, मी त्यांना धरलं, त्यांनी मला. ओल्या लुगड्यानिशी रांगेत उभं राहून पिंडीचं दर्शन घेतलं. किती दिवसांनी तिथं भूक लागली. यात्रेतल्या दुकानात बसून पोटभर उसळ-पाव खाल्ला आणि घरच्यांसाठी खाजा घेतला.

भावाशी मी बोलले नाही. बोलेन तेव्हा बोलेन. व्यवहाराविरुद्ध दावा लावायचं ठरवलं आहे. वकिलांकडे जायचा दिवस ठरलाय, आणि तोही मी पिंडीपुढं देवाला सांगून आले.